खाली दुकान, वर मकान : बँकेच्या दफ्तरी हे कर्ज कोणत्या रकान्यात?

नांदेडचा इतवारा असो, देगलूर नाका असो किंवा लातूरची गंजगोलाई असो, आपल्या बहुतेक व्यापारी आणि कारागीर कुटुंबांची वास्तू एकाच पद्धतीची असते. खाली दुकान किंवा कारखाना, मागच्या खोलीत माल, बाजूने अरुंद जिना आणि वर राहते घर. गंजगोलाईचा आराखडा हैदराबादचे नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी केला. तेथे १६ रस्ते येऊन मिळतात आणि त्या रस्त्यांवरही हीच रीत दिसते. यात बरकत आहे हे सांगायला नको. दुकानाचे वेगळे भाडे लागत नाही, घरातले हात धंद्याला येतात, रात्रीचा पहारा फुकट होतो.

अडचण सुरू होते ती बँकेच्या दारात. ही वास्तू विकत घेण्यासाठी, बांधण्यासाठी किंवा वर एक मजला चढवण्यासाठी कर्ज मागितले की पहिला प्रश्न येतो : घरासाठी की धंद्यासाठी? आपला माणूस खरे तेच सांगतो, दोन्हीसाठी. पण बँकेच्या दफ्तरात 'दोन्ही' असा रकानाच नाही. मग कुठे शाखाधिकारी एका बाजूला ढकलतो, कुठे मधला दलाल दुसऱ्या बाजूला. कर्जदाराला पत्ताही लागत नाही की आपले कर्ज कोणत्या नावाने लिहिले गेले. आमच्या मते हा पत्ता लागणे फार गरजेचे आहे, कारण व्याजाचा दर, कर्जाची रक्कम, उद्या जळिताचा विमा मिळणे न मिळणे आणि शेवटी जिल्ह्याच्या आकडेवारीत आपला व्यापार दिसणे न दिसणे, एवढ्या गोष्टी त्या एका नावावर अवलंबून आहेत.

प्रथम बँकेची बाजू समजून घेऊ. बँक कर्ज देते तेव्हा त्यापोटी तिला स्वतःचे काही भांडवल अडकवून ठेवावे लागते आणि नफ्यातून काही तरतूद बाजूला काढावी लागते. किती, ते रिझर्व्ह बँक ठरवते आणि ते कर्जाच्या प्रकाराप्रमाणे बदलते. समजा, एका टेलरमास्तरांनी २५ लाखांच्या वास्तूवर २० लाखांचे कर्ज घेतले. वाणिज्य बँकेने ते गृहकर्ज म्हणून नोंदले तर त्याचा जोखीम भार ३५ टक्के धरतात, म्हणजे हिशेबाला २० लाखांचे ७ लाखच येतात. त्यावर किमान ९ टक्के भांडवल म्हणजे ६३ हजार रुपये. तरतूद पाव टक्का, म्हणजे ५ हजार. हेच कर्ज छोट्या व्यापाऱ्याचे धंद्याचे कर्ज म्हणून नोंदले तर जोखीम भार ७५ टक्के, भांडवल १ लाख ३५ हजार. सूक्ष्म व लघु उद्योगासाठी तरतूद मात्र पाव टक्काच. आणि ते 'वाणिज्यिक स्थावर मालमत्ता', बँकेच्या बोलीत 'सीआरई', या रकान्यात पडले तर भार १०० टक्के, भांडवल १ लाख ८० हजार आणि तरतूद एक टक्का, म्हणजे २० हजार.

माणूस तोच, वास्तू तीच, रक्कमही तीच. पण पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात बँकेच्या अडकलेल्या भांडवलात जवळजवळ तिपटीचा फरक. हा फरक बँक पदरचा सोसत नाही, तो व्याजदरात येतो. सहकारी बँकांचे भांडवलाचे नियम थोडे वेगळे आहेत, पण तत्त्व तेच.

आता रकाना ठरतो कशावर? आपल्याकडे समज असा की खाली शटर दिसले की कर्ज 'कमर्शियल'. अनेक शाखांतही हाच समज आहे. रिझर्व्ह बँकेची व्याख्या तशी नाही. ९ सप्टेंबर २००९ च्या परिपत्रकात तिने कसोटी स्पष्ट केली : कर्जाची फेड कशातून होणार? फेड त्या इमारतीच्याच भाड्यातून किंवा विक्रीतून होणार असेल तर ते सीआरई. फेड धंद्याच्या कमाईतून होणार असेल आणि इमारत केवळ धंदा करण्याची जागा असेल, तर ते सीआरई नव्हे, मग इमारत तारण असली तरीही. त्या परिपत्रकात उदाहरणे दिली आहेत. हॉटेल, दवाखाना, शीतगृह, गोदाम यांच्या जोडीला केस कापण्याचे सलून आणि ब्यूटी पार्लर यांचाही त्यात उल्लेख आहे. स्वतः सलून चालवणाऱ्या कारागिराने दुकानासाठी कर्ज घेतले तर फेड कात्रीतून होणार आहे, भिंतीतून नव्हे, हे रिझर्व्ह बँकेला मान्य आहे. आपल्या शाखाधिकाऱ्यालाही ते मान्य व्हावे एवढीच अपेक्षा.

म्हणून इतवाऱ्यातल्या ज्या दुकानदाराची कर्जफेड गल्ल्यातून होते त्याचे कर्ज सीआरईमध्ये टाकणे चूक आहे. उलट ज्याने खालचे तीन गाळे भाड्याने दिले आहेत आणि त्या भाड्यावरच हप्ता अवलंबून आहे, त्याने सीआरई म्हटल्यावर नाराज होऊ नये. राहत्या घराबाबत आणखी एक नियम आहे. एकाच व्यक्तीची दोन घरांपर्यंतची कर्जे गृहकर्जात धरतात, त्यातले एखादे भाड्याने दिले तरी. तिसऱ्या घरापासून पुढे ते सीआरई होते.

खरे सांगणाऱ्याला नकार

येथपर्यंत गोष्ट सरळ आहे. खरा पेच वेगळाच आहे आणि त्याची आपल्या वस्त्यांत फारशी चर्चा होत नाही.

दिल्लीतील बेकायदा बांधकामांच्या खटल्यात तेथील उच्च न्यायालयाच्या आदेशाने एक देखरेख समिती नेमली गेली होती. तिच्या शिफारशींवरून रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००६ मध्ये सर्व वाणिज्य बँकांना परिपत्रक पाठवले. बांधकामासाठी कर्ज देण्यापूर्वी मंजूर नकाशाची प्रत घ्यावी, नकाशाबाहेर बांधकाम करणार नाही असे प्रतिज्ञापत्र कर्जदाराकडून घ्यावे, बँकेने नेमलेल्या वास्तुविशारदाने बांधकाम तपासावे, अनधिकृत वसाहतीत ती नियमित झाल्याशिवाय कर्ज देऊ नये, अशा सूचना त्यात होत्या. आणि एक सूचना आपल्या कामाची : जी मालमत्ता निवासी वापरासाठी आहे, पण अर्जदार ती व्यावसायिक वापरासाठी घेत आहे आणि अर्जात तसे सांगतो, अशा मालमत्तेवर कर्ज देऊ नये.

'अर्जात तसे सांगतो' हे शब्द वाचकांनी पुन्हा वाचावेत. नकाशा निवासी आहे आणि अर्जदार प्रामाणिकपणे म्हणाला की खाली माझे दुकान असेल, तर त्याला नकार. जो गप्प बसला त्याचे कर्ज मंजूर. नियम करणाऱ्यांचा हेतू असा नव्हता हे उघड आहे. राजधानीतल्या बंगल्यांतून निघालेले शोरूम त्यांच्या डोळ्यांसमोर होते. पण मराठवाड्यातल्या शिलाईच्या दुकानाला तोच नियम लागला. मग मध्यस्थ सल्ला देतो की दुकानाचे नावच काढू नका, बँकेचा माणूस पाहणीला येईल त्या दिवशी शटर पाडून ठेवा.

हा सल्ला आम्ही वाईट समजतो आणि केवळ दीनच्या दृष्टीने नव्हे. व्यवहाराच्या दृष्टीनेही तो तोट्याचा आहे. प्रतिज्ञापत्रावर सही कर्जदाराची असते, मध्यस्थाची नसते. पुढे बँकेला वापर वेगळा दिसला तर अटींचा भंग म्हणून ती संपूर्ण कर्ज एकरकमी मागू शकते. महावितरणचे मीटर व्यापारी दराचे, महापालिकेची कर आकारणी बिगरनिवासी आणि बँकेत मात्र शुद्ध घर, हे तीन कागद एकत्र आले की बचाव उरत नाही. विम्याचेही तसेच. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' आणि लहान धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' अशा दोन वेगळ्या प्रमाणित पॉलिस्या आहेत. गृहकर्जाबरोबर बँक घराचा विमा काढून देते. शॉर्टसर्किटने खालच्या दुकानातले कापड जळाले, तर त्या कापडाची भरपाई घराच्या विम्यातून मागता येत नाही. जळिताच्या दुसऱ्या दिवशी हे कळून काय उपयोग?

मार्ग आहे, पण तो कर्जाच्या अर्जापासून नव्हे, नकाशापासून सुरू होतो. बांधकामाची परवानगी घेतानाच तळमजला वाणिज्य आणि वरचा मजला निवासी असा मिश्र वापराचा नकाशा महापालिकेकडून मंजूर करून घ्यावा. असा वापर चालतो की नाही हे रस्त्याची रुंदी आणि विकास योजनेतील विभाग यांवर ठरते. ज्या रस्त्यावर आजोबांच्या काळापासून बाजार भरतो तेथे तो सहसा अशक्य नसतो. नकाशातच दुकान असेल तर २००६ ची अट लागू होत नाही, कारण मग 'निवासी मालमत्तेचा व्यावसायिक वापर' होतच नाही. इंजिनिअर चार पैसे वाचवायला 'सरसकट निवासी दाखवू' म्हणतो, तेव्हा त्याला तेथेच थांबवावे.

ज्यांचा प्लॉटच गुंठेवारीतला आहे त्यांची गोष्ट अधिक कठीण. नांदेडच्या आणि लातूरच्या कडेच्या वस्त्यांत अशी हजारो घरे आहेत. बाँडपेपरवर व्यवहार झाला, अकृषिक परवाना नाही, मंजूर रेखांकन नाही. तेथे बँक घर की दुकान या प्रश्नापर्यंत पोचतच नाही. महाराष्ट्राचा गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा २००१ चा. २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांना त्याचा लाभ खुला झाला. शुल्क भरून नियमित करून घेणे खर्चाचे आहे, पण तो कागद नसेल तर खासगी वित्त कंपनीच्या चढ्या दराखेरीज दार उघडत नाही. तेथे वर्षाला जे जादा व्याज जाते त्याचा हिशेब करून मग शुल्क महाग की स्वस्त ते ठरवावे.

चार मजल्यांची इमारत आणि दहा टक्के

आपल्यातले काही जण आता छोटे बिल्डरही झाले आहेत. त्यांच्यासाठी नियम निराळा आहे. जून २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सीआरईमधून निवासी प्रकल्पांचा एक उपविभाग वेगळा काढला. त्याचा जोखीम भार तेव्हा ७५ टक्के आणि तरतूद पाऊण टक्का ठरवली, म्हणजे साध्या सीआरईपेक्षा हलका बोजा. निवासी प्रकल्पात थोडी दुकाने चालतील असेही म्हटले, पण अट घातली की व्यापारी क्षेत्र प्रकल्पाच्या एकूण चटई क्षेत्राच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. जास्त झाले तर केवळ दुकानांचा भाग नव्हे, सगळे कर्ज साध्या सीआरईत जाते.

मोठ्या शहरात दोनशे सदनिकांच्या संकुलाला ही अट सोपी आहे. आपल्याकडे काय होते पाहा. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येकी दोन हजार चौरस फूट. एकूण आठ हजार. दहा टक्के म्हणजे आठशे. पण तळमजला पूर्ण दुकानांचा, म्हणजे पंचवीस टक्के. नांदेड-लातूरच्या बाजारपेठेतली जवळजवळ कोणतीही नवी इमारत या कसोटीवर नापास होईल. बिल्डरला कर्ज महाग पडते आणि तो खर्च शेवटी सदनिकेच्या भावात मिळतो. लहान शहरांसाठी ही टक्केवारी वेगळी असावी, अशी मागणी व्यापारी संघटनांनी करायला हरकत नाही. आम्हाला तरी ती रास्त वाटते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बिल्डरचे कर्ज सीआरई असले म्हणून त्या इमारतीत सदनिका घेणाऱ्याचे कर्ज सीआरई होत नाही. त्याचे ते गृहकर्जच. आणि गाळा घेऊन स्वतः धंदा करणाऱ्याचे ते धंद्याचे कर्ज.

लातूरमध्ये या प्रश्नाला अलीकडे वेगळेच वळण लागले आहे. 'लातूर पॅटर्न'मुळे बाहेरगावची मुले शिकायला येतात आणि ट्यूशन एरियाच्या आसपास घरोघरी खोल्या, मेस, वसतिगृहे झाली. घर बांधताना गृहकर्ज घेतले, आज वरच्या दोन मजल्यांत बारा-पंधरा मुले राहतात. याला काय म्हणायचे? २००९ ची कसोटी लावली तर उत्तर निघते. संपूर्ण मजला क्लासवाल्याला करारावर दिला आणि भाड्यातून हप्ता भरला, तर तो इमारतीच्या भाड्यावर चालणारा व्यवहार झाला. घरच्या बायकांनी मेस चालवली, मुलांची राहण्याखाण्याची व्यवस्था स्वतः केली, तर ती सेवा आहे, धंदा आहे, आणि स्वतः हॉटेल चालवणाऱ्याच्या पंगतीत तिला बसवता येते. अर्जात 'भाड्याचे उत्पन्न' असे दोन शब्द लिहून मोकळे होण्याऐवजी आपण काय चालवतो ते नीट लिहावे. रकाना त्यावरून ठरणार आहे.

आकडे वर जातात तेव्हा

शाखेत एकदा जो संकेतांक पडला तो पुढे प्रवास करतो. शाखेतून मुख्य कार्यालयात, तेथून विवरणपत्रांतून रिझर्व्ह बँकेकडे. १९७२ पासून बँका 'मूलभूत सांख्यिकी विवरण' पाठवतात. त्यात कर्ज कोणत्या गावी, कोणत्या व्यवसायाला, कोणत्या दराने गेले याची नोंद असते. याशिवाय रिझर्व्ह बँक दरमहा क्षेत्रनिहाय कर्जाचे आकडे प्रसिद्ध करते. त्यात शेती, उद्योग, सेवा आणि व्यक्तिगत कर्जे असे चार मोठे विभाग असतात. गृहकर्ज व्यक्तिगत कर्जात मोडते. व्यापार आणि सीआरई सेवाक्षेत्रात. म्हणजे आपल्या एकाच वास्तूचा वरचा मजला एका विभागात आणि खालचा दुसऱ्याच.

शटर पाडून गृहकर्ज घेतले की काय होते हे आता लक्षात येईल. त्या कुटुंबाचा व्यापार आकड्यांतून नाहीसा होतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा सल्लागार समितीची बैठक होते, बँकांचा वार्षिक पतपुरवठा आराखडा तेथे मांडला जातो, आणि एखाद्या वस्तीत धंद्याच्या कर्जाला मागणीच नाही असे कागद सांगतात. मागणी असते, ती गृहकर्जाच्या नावाखाली दडलेली असते.

वस्तीचा विषय निघालाच आहे. ज्या नोव्हेंबर २००६ मध्ये ते परिपत्रक निघाले त्याच महिन्यात न्या. राजिंदर सच्चर समितीने आपला अहवाल पंतप्रधानांना सादर केला. काही बँका मुस्लिमबहुल भाग 'नकारात्मक क्षेत्र' म्हणून बाजूला ठेवतात, हे त्या अहवालात नमूद आहे. अमेरिकेत काळ्या वस्त्यांबाबत हीच तक्रार होती. तेथे १९७५ मध्ये कायदा करून बँकांना घरकर्जाची वस्तीवार माहिती जाहीर करणे भाग पाडले. १९८९ च्या दुरुस्तीने फेटाळलेले अर्ज आणि अर्जदाराचा वंश यांचीही नोंद आली. खाली दुकान वर घर अशा इमारतीचे काय, हा प्रश्न तेथेही आला. नियम असा केला की इमारतीचा मुख्य वापर निवासी असेल तर तिला घर धरावे आणि मुख्य वापर कोणता हे क्षेत्रफळ किंवा उत्पन्न अशा वाजवी कसोटीने बँकेने ठरवावे. आपल्याकडे अल्पसंख्याकांना दिलेल्या कर्जाचे आकडे बँका वर कळवतात, पण कोणत्या मोहल्ल्यातून किती अर्ज आले आणि किती नाकारले, हे जाहीर होत नाही. एक हत्यार मात्र कर्जदाराच्या हातात आहे. मार्च २००७ पासून रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले आहे की कर्ज कितीही रकमेचे असो, अर्ज नाकारल्यास मुख्य कारण लेखी कळवावे. आपली माणसे तोंडी नकार ऐकून परत येतात. लेखी कारण मागावे. 'एरिया' हे कारण कोणी कागदावर लिहीत नाही, आणि मग दुसरे खरे कारण शोधावे लागते किंवा अर्जाचा फेरविचार करावा लागतो.

बँक आपल्यावर उपकार करते असे समजून खुर्चीच्या टोकावर बसण्याचेही कारण नाही. वाणिज्य बँकांना आपल्या कर्जाचा ४० टक्के भाग अग्रक्रम क्षेत्राला द्यावा लागतो आणि १२ टक्के दुर्बल घटकांना. अधिसूचित अल्पसंख्याक समाजातील व्यक्ती या दुर्बल घटकांत मोडतात. १ एप्रिल २०२५ पासूनच्या निर्देशांनुसार दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या ठिकाणी ३५ लाखांपर्यंतचे गृहकर्ज अग्रक्रम क्षेत्रात धरतात, घराची किंमत मात्र ४४ लाखांच्या आत हवी. २०११ च्या जनगणनेत नांदेड-वाघाळा साडेपाच लाखांचे आणि लातूर पावणेचार लाखांच्या वरचे, म्हणजे दोन्ही शहरे याच वर्गात. धंद्याच्या भागासाठी उद्यम नोंदणी लागते. जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही ती करता येते व अग्रक्रम क्षेत्राचा लाभ मिळतो. ज्या कारागिराकडे जीएसटी क्रमांक नाही त्याला 'उद्यम असिस्ट' मंचावरून प्रमाणपत्र मिळते आणि मे २०२३ पासून तेही बँकेला चालते. नोंदणी फुकट आहे, तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. एवढे कागद असले तर आपल्या वास्तूचे दोन्ही मजले बँकेच्या उद्दिष्टात जमा होतात. म्हणजे गरज तिलाही आहे.

नागरी सहकारी बँकेत जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तिला स्थावर मालमत्ता आणि घरबांधणीच्या कर्जांवर एकूण मर्यादा आहे आणि एका व्यक्तीच्या गृहकर्जावरही कमाल मर्यादा आहे. तेथला व्यवस्थापक कधी कधी 'कोटा भरला' म्हणतो ते खोटे नसते. स्वतःच्या धंद्याच्या जागेसाठीचे कर्ज मात्र उद्योग-व्यापाराच्या नावाने मागता येते.

जे वाचक व्याजी व्यवहारापासून दूर राहतात त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. हा लेख त्यांना कर्ज घ्यायला सांगण्यासाठी नाही. २००८ मध्ये डॉ. रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवल्याचे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. जे आधीच कर्जात आहेत आणि लवकर मोकळे होऊ इच्छितात त्यांच्यासाठी एक चांगली बातमी आहे. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क नाही, हे बहुतेकांना माहीत आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या दराच्या धंद्याच्या कर्जांवरही, कर्जदार व्यक्ती किंवा सूक्ष्म-लघु उद्योग असेल तर, वाणिज्य बँकांना हे शुल्क घेता येत नाही. ग्रामीण बँका आणि स्मॉल फायनान्स बँकांना हे बंधन ५० लाखांपर्यंतच्या कर्जाला आहे. 'घर म्हणून घेतले तर लवकर फेडता येते' हे लपवाछपवीचे एक मोठे कारण त्यामुळे उरलेले नाही.

नवे कर्ज घेताना आमची सूचना अशी की एका वास्तूवर दोन खाती मागावीत, वरच्या मजल्याचे गृहकर्ज आणि खालच्याचे धंद्याचे मुदत कर्ज. मूल्यांकनकाराला दोन्ही भागांची किंमत वेगवेगळी लिहायला सांगावे, नाहीतर बँक सगळी इमारत एकाच, आणि बहुधा महाग, रकान्यात टाकते. मंजुरीपत्र हातात आले की कर्जाचा प्रकार काय लिहिला आहे ते पाहून मगच सही करावी. शाखेत नियम दाखवायची वेळ आली तर जुन्या परिपत्रकाचा क्रमांक घोकू नये, कारण नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपली हजारो परिपत्रके २४४ निर्देशांत एकत्र केली आहेत. विषय सांगावा : 'वाणिज्यिक स्थावर मालमत्तेची व्याख्या आणि फेडीचा स्रोत'.

ज्यांचे कर्ज जुने आहे त्यांनी पतअहवाल मागवावा. पूर्वीच्या स्टेट बँक ऑफ हैदराबादची खाती असणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. १९४१ मध्ये निजामाच्या राज्यात स्थापन झालेली ही बँक १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. अशा जुन्या खातेदारांनी आपले कर्ज आज कोणत्या नावाने दिसते ते एकदा पाहून घ्यावे. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत देणे बंधनकारक आहे. त्यात गृहकर्ज, मालमत्ता कर्ज, व्यवसाय कर्ज असा प्रकार लिहिलेला असतो. तो चुकीचा असेल तर बँकेकडे आणि त्या कंपनीकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर २६ एप्रिल २०२४ पासून दर दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते.